ठिणगीची वाट
कोकणातली पेट्रोल जीप, तिचे प्लग आणि तिच्या वायरी

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्याच्या परिसरात जुनी पेट्रोल जीप किंवा जिप्सी बाळगणाऱ्याला पावसाळ्यातली एक सकाळ ओळखीची असते. रात्रभर पाऊस पडून गेलेला असतो. गाडी छपराखाली असते, तिच्यावर थेंबही पडलेला नसतो. तरीही स्टार्टर नुसता फिरत राहतो. इंजिन एकदाचे पकडलेच, तर तीन सिलिंडरवर थडथडत चालते आणि चढ आला की मान टाकते. गॅरेजच्या भाषेत, गाडी 'मिस मारते'. दुपारी दोन तास ऊन पडते आणि कोणी हातही न लावता तीच गाडी सुरळीत चालू लागते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे नवे प्लग. ते घातले की गाडी खरोखर सुधारते. पण काही आठवड्यांत पाऊस पुन्हा लागून राहतो आणि पहिले दुखणे परत येते. मग 'प्लग डुप्लिकेट निघाले' असा निष्कर्ष निघतो आणि आणखी एक संच घातला जातो. सड्यावरच्या आंबाबागेत किंवा चिरेखाणीवर गाडी नेणाऱ्याला हे दुखणे नुसते पैशाचे राहत नाही. पऱ्ह्यात पाणी चढत असताना मधोमध इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही.

नवे प्लग घातल्यावर दोष जातो का, आणि गेलेला परत येतो का, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधली तर असे दिसते की प्लग आणि त्याला वीज पुरवणारी वायर ही दोन वेगळी सुटी माणसे नव्हेत. एकाचे म्हातारपण दुसऱ्याच्या जिवावर उठते. आणि कोकणच्या हवेत या दोघांचे नाते इतर ठिकाणांपेक्षा लवकर ताणले जाते.

ठिणगीवर चालणाऱ्या गाड्या

प्रत्येक इंजिनात ठिणगी नसते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि आत फवारलेले डिझेल पेटते. थंडीत मदतीला असतो तो 'ग्लो प्लग' म्हणजे निव्वळ तापणारी कांडी. पेट्रोल इंजिनाला मात्र प्रत्येक स्फोटासाठी स्वतंत्र ठिणगी लागते. एतिएन लेन्वार यांनी 1860मध्ये आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. पण भरवशाची व्यवस्था यायला पुढची चाळीस वर्षे गेली. 1902मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. 1910च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी मांडणी केली, ती पुढे सत्तर वर्षे जगभरच्या मोटारींत राहिली.

जीपही त्याच मांडणीवर जन्मली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. त्यांच्यात सुमारे 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. त्याचे प्लग इंजिनाच्या माथ्यावर उघड्यावर उभे असत. लष्कराला या ठिणगीच्या दोन खोडी लगेच जाणवल्या. पहिली म्हणजे ती पाण्याला भिते. दुसरी, प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा रेडिओ-प्रक्षेपक असल्यामुळे ती बिनतारी यंत्रात खरखर निर्माण करते. ज्या जीपगाड्यांत ही खरखर दाबण्याची सोय केलेली असे, त्यांच्या बॉनेटवरच्या क्रमांकापुढे 'एस' हे अक्षर रंगवले जाई. युद्धानंतर आलेल्या एम-38 या लष्करी जीपला 24 व्होल्टची, पाणी आत जाऊ न देणारी ठिणगीव्यवस्था दिली गेली. गाडीला पाण्यातून जायचे असेल तर चाकांइतकाच विचार वायरींचा करावा लागतो, हे तेव्हाच ध्यानात आले होते.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि ही गाडी महाराष्ट्राच्या कच्च्या रस्त्यांवर आली. सरकारी साहेबांच्या दौऱ्यांपासून वडापपर्यंत सगळीकडे ती दिसू लागली. डिझेल स्वस्त होते, त्यामुळे हळूहळू जीपमधले पेट्रोल इंजिन मागे पडले. 1980च्या दशकात महिंद्राच्या गाड्यांत प्यूजोच्या रचनेचे डिझेल इंजिन आले आणि ग्रामीण भागात जीप म्हणजे डिझेल असेच समीकरण झाले. त्याच दशकात, 1985 साली, मारुतीची जिप्सी आली. ती केवळ पेट्रोलवर चालणारी होती. आधी 970 सीसी आणि नंतर 1.3 लिटर इंजिनाची ही हलकी गाडी लष्कराने, वनखात्याने आणि ताडोबा-पेंचच्या सफारीवाल्यांनी उचलली. आज तिचे उत्पादन थांबले असले, तरी कोकणातल्या बागांत आणि हौशी लोकांच्या अंगणात ती आहे. प्लग आणि लांब वायरी असलेली आडरानातली गाडी म्हटले की आपल्याकडे आता मुख्यतः ही जिप्सी आणि जपून ठेवलेल्या जुन्या पेट्रोल जीप, एवढ्याच उरतात.

बारा व्होल्टचे वीस हजार कसे होतात

बॅटरी देते 12 व्होल्ट. एवढ्याशा दाबाने हवेतून ठिणगी उडत नाही. म्हणून मध्ये कॉइल असते. तिच्यात एकाच लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेचे काही शे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे त्याच्या शंभरपट वेढे. जाड तारेतून प्रवाह चालू असताना गाभ्यात चुंबकत्व साठते. पॉइंट उघडून, किंवा पुढच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्विचने, तो प्रवाह झटकन तोडला की चुंबकत्व कोसळते. त्या धक्क्याने जाड गुंडाळीत दोन-तीनशे व्होल्ट आणि बारीक गुंडाळीत त्याच्या शंभरपट, म्हणजे वीस ते तीस हजार व्होल्ट तयार होतात. हा दाब डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत जातो, फिरता रोटर तो पाळीपाळीने चार वायरींना वाटतो आणि प्रत्येक वायर आपल्या प्लगपर्यंत नेते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला 100 ठिणग्या पडतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कॉइल दर वेळी पूर्ण तीस हजार व्होल्ट देत नाही. दाब वाढत जातो आणि ज्या क्षणी प्लगच्या फटीतून ठिणगी उडते, त्या क्षणी वाढ थांबते. किती दाबाला ठिणगी उडेल हे फट ठरवते. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889मध्ये दाखवले, की ठिणगीला लागणारा विद्युतदाब हा फटीची रुंदी आणि तिथल्या वायूचा दाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. उघड्या हवेत एक मिलिमीटर फटीला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या वायूत त्याच फटीला दहा-पंधरा हजार लागतात. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की आत जास्त वायू भरतो आणि गरज आणखी वाढते. म्हणूनच सपाटीवर शहाण्यासारखी चालणारी गाडी चढावर मिस मारते.

आता प्लग जुना होतो म्हणजे काय, हे पाहू. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण उडवून नेते. टोकांच्या धारदार कडा गोल होतात, फट रुंदावते. 0.8 मिलिमीटरची फट झिजून 1.1 झाली, तर ठिणगीला कितीतरी जास्त दाब लागतो. तेवढा दाब कॉइल देऊ शकते. पण तो वाहून नेणाऱ्या वायरीच्या आवरणावर, प्लगवरच्या रबरी टोपणावर, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर दर ठिणगीला तेवढाच जास्त ताण पडतो. विजेला सिलिंडरच्या आतली फट अवघड झाली, की ती बाहेरची सोपी वाट शोधते. आवरणातली एखादी भेग, टोपणाची सैल कड किंवा चिनीमातीवरची ओल तिला पुरते. तिथून ती थेट इंजिनाच्या लोखंडात उतरते आणि सिलिंडर कोरडा राहतो.

म्हणजे झिजलेला प्लग वायर मारतो. उलटही घडते. वायर गळू लागली की ठिणगी कमजोर होते, पेट्रोल अर्धवट जळते, प्लगच्या टोकावर काजळी बसते. काजळी म्हणजे कार्बन, आणि तो वीज वाहतो. मग ठिणगी फटीत उडण्याऐवजी काजळीवरून ओघळून जाते. वायरीने बिघडवलेला प्लग पाहून आपण प्लगलाच दोष देतो.

सुरुवातीच्या कोड्याचा उलगडाही यातच आहे. नव्या प्लगची फट बरोबर असते, कडा धारदार असतात, त्याला कमी दाब पुरतो. दाब कमी झाला की वायरीतली भेग तात्पुरती गप्प बसते. भेग मात्र तिथेच असते.

मीठ आणि दुपारचे ऊन

हे सगळे पुण्यातही घडते. मग कोकणात ते लवकर आणि नेमके सकाळीच का घडते? रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, एवढे सांगून भागत नाही. छपराखाली कोरडी राहिलेली गाडीही रुसते. खरा दोषी आहे समुद्रावरून वाऱ्याबरोबर येणारे मीठ.

वायरीवर, टोपणावर, कॉइलच्या माथ्यावर या मिठाचा अदृश्य थर बसतो. त्यात सड्यावरची तांबडी धूळ मिसळते. कोरडे मीठ वीज वाहत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेते आणि विरघळते. वरण्यात ठेवलेले मीठ श्रावणात पाझरते, तेच हे. खारट पाण्याचा तो पातळ थर म्हणजे विजेला अंथरलेली पायवाट. पावसाळ्याच्या रात्री आर्द्रता 75च्या कितीतरी वर असते, म्हणून सकाळी गळती होते. दुपारी ऊन पडून आणि इंजिन तापून थर सुकतो आणि गळती थांबते. त्यात सकाळी स्टार्टर फिरवताना बॅटरीचा दाब नऊ-दहा व्होल्टपर्यंत उतरतो, म्हणजे कॉइल सर्वांत दुबळी असते तीही याच वेळी. मेकॅनिकपर्यंत गाडी नेईतो दोष निघून गेलेला असतो. तो खोटे बोलत नाही, आणि मालकही.

मल्टिमीटरनेही हा चोर सापडत नाही. नव्या काळच्या वायरींच्या पोटात तांब्याऐवजी कार्बन मुरवलेला धागा असतो, रेडिओची खरखर दाबण्यासाठी. त्याचा रोध मीटरला सुमारे दहा ते वीस हजार ओहम असतो. धागा तुटला असेल तर मीटर ते सांगते. पण मीटर काही व्होल्टवर मोजते आणि आवरण फुटते ते हजारो व्होल्टना. आतून धड आणि बाहेरून गळकी वायर मीटरच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होते. तिची खरी परीक्षा अंधारात घ्यावी लागते. रात्री बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला, की गळक्या जागी निळसर प्रकाश लुकलुकतो, टक-टक आवाज येतो. या वेळी वायरीला हात लावायचा नाही, आसपास पेट्रोलची गळती नाही याची खात्री आधी करायची आणि ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी लांब राहायचे.

सड्याचा भाऊबंद

प्लगची पांढरी मान ज्या पदार्थाची असते त्याचे कोकणाशी एक नाते आहे. सुरुवातीच्या प्लगांत अभ्रक किंवा साधी चिनीमाती असे. आजच्या प्लगची मान भट्टीत भाजलेल्या ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची असते. ॲल्युमिना निघतो बॉक्साइटपासून, आणि बॉक्साइट हा आपल्या जांभ्याचाच भाऊबंद. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली इतर द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. लोहाचा वाटा जास्त तिथे तांबडा जांभा, ॲल्युमिनियमचा वाटा जास्त तिथे बॉक्साइट. रत्नागिरी जिल्ह्यातच दापोली-मंडणगडच्या सड्यांवर बॉक्साइटचे साठे आहेत. ज्या पावसाने आमच्या वायरी गळतात, त्याच जातीच्या पावसाने वीज अडवणारा हा पदार्थ घडवला.

ॲल्युमिना वीज अडवतो, पण त्याच्या पृष्ठभागावरची ओल अडवत नाही. म्हणून मानेवर वळ्या घातलेल्या असतात. विजेला वरून घसरायचे झाले तर वाट लांबावी, एवढाच त्यांचा हेतू. या मानेवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर वीज तिथून बाहेर गेली आहे असे समजावे. ती रेघ कार्बनची असते, पुसून जात नाही आणि पुढची प्रत्येक ठिणगी तीच वाट धरते. तशी रेघ टोपणाच्या आतही उमटलेली असते, म्हणून प्लग आणि टोपण दोन्ही बदलावे लागतात. उलट, लोखंडी कड्याला लागून मानेभोवती दिसणारे तपकिरी वर्तुळ पाहून 'प्लग गॅस सोडतो' असे म्हणतात, ते खरे नव्हे. उच्च दाबामुळे हवेतले तेलकट कण तिथे ओढले जाऊन बसतात, इतकेच.

प्लगचे आतले टोकही वाचता येते. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओला तेलकट थर म्हणजे इंजिनात तेल चढते आहे. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक म्हणजे प्लग फार तापतो आहे. चांगले टोक साधारण 500 ते 850 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते; त्याखाली काजळी जळून जात नाही, त्यावर गेले तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटू लागते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचाच प्लग घालावा. बागेतल्या बागेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरणाऱ्या गाडीचे प्लग काळे पडणे स्वाभाविक आहे, हेही लक्षात ठेवावे.

बदलताना

काम तासाभराचे आहे, पण त्याला क्रम आहे. इंजिन पूर्ण गार झालेले असावे. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे उपटून येतात. चारही वायरींना आधी पट्टीचे तुकडे चिकटवून आकडे लिहावेत. एका वेळी एकच वायर आणि तिचा प्लग बदलावा. ज्यांनी चारही एकदम उपसल्या, त्यांतल्या अनेकांनी पुढचा तास जोडणीक्रम शोधण्यात घालवला आहे. वायर ओढू नये. टोपण धरून किंचित पिळावे आणि मग उपसावे. प्लग सैल करण्याआधी त्याच्या खळग्यातली धूळ हवेने उडवून लावावी. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे, कारण तांबड्या मातीतले कडक कण सिलिंडरमध्ये पडले तर ते कानशीसारखे काम करतात.

नव्या प्लगची फट फीलर गेजने मोजावी, डब्यावर लिहिली आहे म्हणून गृहीत धरू नये. जुन्या विलीज इंजिनाला ती 0.030 इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर लागते. इतर गाड्यांना त्यांच्या पुस्तिकेत दिली असेल ती. फट कमी-जास्त करायची तर बाहेरचा वाकडा हात हळूच वाकवावा, मधल्या टोकाला जोर लावू नये. प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवावा. हात पोचत नसेल तर रबरी नळीचा तुकडा त्याच्या डोक्यावर चढवून फिरवावा. आटे चुकले तर नळी घसरते, पाना मात्र हेड फाडतो. बोटांनी पूर्ण बसल्यावर, वॉशरच्या नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. आट्यांना तेल लावून आवळले तर तोच जोर जास्त बसतो. सैल राहिला तर आणखी वाईट. प्लगची उष्णता आटे आणि वॉशर यांतूनच हेडमध्ये जाते, तिची वाट बंद होते आणि टोक जळते.

वायरी संपूर्ण संचाने बदलाव्यात आणि प्रत्येक जुन्या वायरीएवढ्याच लांबीची नवी त्या जागी घालावी. टोपणाच्या आतल्या कडेला सिलिकॉनचे ग्रीस बोटभर फिरवावे. ते पाणी आणि मीठ बाहेर ठेवते. दोन्ही टोके टक् आवाज येईपर्यंत दाबावीत. वायरी सायलेन्सरच्या गरम नळ्यांपासून दूर, आपापल्या क्लिपांतून न्याव्यात. या चार सिलिंडरच्या इंजिनांत ठिणगीचा क्रम बहुधा 1-3-4-2 असतो. म्हणजे 3 नंतर 4 आणि 2 नंतर 1, हे शेजारी एकापाठोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर नेल्या, तर एकीतल्या धक्क्याने दुसरीत वीज उठू शकते आणि शेजारचा सिलिंडर अवेळी पेटतो. शेवटी डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आत काळी रेघ आहे का, तेही पाहावे. ती असेल तर वरचे सगळे श्रम फुकट.

कॉइल प्लगवर आली तरी

2020नंतरची पेट्रोल थार आणि 2023ची जिम्नी या गाड्यांत लांब वायरी नाहीतच. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसते. विजेचा उघड्यावरचा प्रवास बोटभर उरला. तरीही ती कॉइल आणि प्लग यांच्यामध्ये एक रबरी नळी आहेच, आणि खोल खळग्यात पाणी साचले की तिथेही तीच काळी रेघ उमटते. आता संगणक दिव्याने सांगतो की अमुक सिलिंडर मिस मारतो. का मारतो, ते तो सांगत नाही. मिस मारणाऱ्या सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो भाग खराब झाला, की प्लग-वायरींच्या कितीतरी पट खर्च येतो. म्हणून 'चालते आहे तोवर चालू दे' हे धोरण नव्या गाडीत जुन्यापेक्षा महाग पडते.

कोकणात आगोटीच्या आधी घरांची शाकारणी होते, लाकूडफाटा भरला जातो. प्लग आणि वायरी एकत्र पाहण्याची वेळही तीच. पण चुका वाचायच्या तर दिवाळी बरी. पाऊस नुकताच संपलेला असतो आणि वीज चार महिने कुठून कुठून निसटत होती, त्याच्या रेघा प्लगच्या मानेवर अजून ताज्या असतात.